पुराणकथांतील पात्रांचें जाळें व त्याचें प्रमाणमूल्य

पुराणकथेंत इतिहासाचा अंश किती, या प्रश्नाचा विचार आजवर भाषा, लेख, नाणीं व उत्खनन यांच्या साह्यानें होत आला. अलीकडे गणितशास्त्रही या कामीं पुढें सरसावलें आहे. सन २०१२ मध्यें पाड्रिग मॅक कॅरन व राल्फ केना या इंग्लंडांतील कॉव्हेंट्री विद्यापीठाच्या पदार्थविज्ञानवेत्त्यांनीं ग्रीकांचें 'इलियड', जुन्या इंग्रजींतील 'बेओवुल्फ' व आयर्लंडांतील 'टॉइन' या तीन काव्यकथांची या दृष्टीनें परीक्षा केली. 'टॉइन' ही एका बैलासाठीं झालेल्या स्वारीची कथा असून ती वाचतांना विराटपर्वांतील गोग्रहणाची आठवण सहज होते.

रीति सोपी आहे. प्रत्येक पात्र हा एक बिंदु मानावयाचा. दोन पात्रांचें नातें, संभाषण अथवा ओळख कथेंत दिसली कीं त्यांमध्यें एक रेषा ओढावयाची. वैराची रेषा निराळी ठेवावयाची. अशा रीतीनें 'इलियड'मध्यें ७१६, 'टॉइन'मध्यें ४०४ व 'बेओवुल्फ'मध्यें ७४ बिंदु निघाले. मग ही जाळीं एकीकडे खऱ्या समाजांच्या व दुसरीकडे 'ले मिझेराब्ल'सारख्या कल्पित कथांच्या जाळ्यांशीं ताडून पाहिलीं.

कोणत्याही दोन पात्रांमधील अंतर थोड्या पायऱ्यांचें असणें, शत्रूचा शत्रु तो मित्र हा न्याय जाळ्यांत दिसणें, हीं लक्षणें तिन्ही कथांत आढळलीं. त्यांवर आम्ही फारसा भर देत नाहीं. खरी कसोटी निराळी आहे. खऱ्या समाजांत बहुत ओळखींचा मनुष्य बहुधा तशाच बहुत ओळखींच्या मनुष्यांशीं जोडलेला असतो. कल्पित कथेंत नायक शेंकडों किरकोळ पात्रांस भेटतो आणि तीं पात्रें पुन्हां कोणासही भेटत नाहींत. 'इलियड'मधील स्नेहसंबंधांचें जाळें समाजासारखें ठरलें. 'बेओवुल्फ'चें तसें ठरलें नाहीं. परंतु स्वतः नायकास वगळतांच उरलेलें जाळें समाजासारखें दिसूं लागलें. 'टॉइन'मध्यें दोष सहा प्रमुख पात्रांपाशीं सांपडला. त्यांच्या एकदांच येणाऱ्या ओळखी गाळल्या असतां ही कथाही इतर दोहोंच्या पंक्तीस बसते. यावरून ही सहा पात्रें अनेक व्यक्ती एकत्र होऊन बनलीं असावींत, असा तर्क लेखकांनीं केला आहे.

तर्क चतुर आहे, पण इतिहासाचें प्रमाण म्हणून तो आम्हांस पुरेसा वाटत नाहीं. जुळेना तें गाळावें आणि मग जुळतें म्हणावें, यांत परीक्षकाची मर्जी शिरण्यास वाव राहतो. 'बेओवुल्फ'चेंच पहा. त्यांतील हिगेलाक राजाची स्वारी ऐतिहासिक मानितात, ती सहाव्या शतकांतील तूरचा धर्माधिकारी ग्रेगरी यानें आपल्या बखरींत तिचा उल्लेख केला म्हणून. आणि बेओवुल्फास असा स्वतंत्र आधार नाहीं म्हणून तो कल्पित समजतात. जाळ्याचा निर्णय या निर्णयाशीं जुळला हें खरें, तथापि दोहोंपैकीं पुरावा कोणता, याविषयीं संशय नसावा. शिवाय २०२० सालीं केना व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जॉर्ज मार्टिन या हयात अमेरिकन कादंबरीकाराची दोन हजारांहून अधिक पात्रांची कथामाला तपासली. ती सर्वस्वीं कल्पित. तरी तिचें जाळें खऱ्या समाजासारखेंच निघालें. कुशल लेखकास समाजाचा आभास निर्माण करतां येतो, एवढें यावरून सिद्ध झालें.

मग या रीतीचा उपयोग कोठें? आमच्या मतें, कथा घडली कीं नाहीं हें सांगण्यापेक्षां ती कोणत्या कुळांतली हें सांगण्यास ती अधिक समर्थ आहे. जेम्स मॅक्फर्सन यानें १७६० पासून प्राचीन कवि ऑशन याच्या नांवावर काव्यें प्रसिद्ध केलीं. त्याच्या पक्षाचे लोक त्यांची तुलना होमरशीं करीत. हा माल आमच्या परंपरेंतून उचललेला आहे, असें आयरिश पंडित म्हणत. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत ऑशनच्या काव्यांचें जाळें होमरशीं जुळलें नाहीं, आयरिश कथांशीं जुळलें. येथें मोजणी व जुना वाद यांचा प्रश्न एकच होता, म्हणून उत्तरही कामाचें मिळालें.

एक अट मात्र विसरतां कामा नये. जाळें कथेचें नसून विशिष्ट पाठाचें असतें. 'टॉइन'चे एकाहून अधिक पाठ आहेत. महाभारताच्या पाठभेदांचा पसारा तर पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या १९६६ सालीं पुऱ्या झालेल्या चिकित्सक आवृत्तींत डोळ्यांसमोर आहे. तेव्हां महाभारतावर हा प्रयोग करणारानें प्रथम संहितेंतील रेषा व परिशिष्टांत गेलेल्या भागांतील रेषा वेगळ्या मोजाव्या. कोणत्या पात्राच्या ओळखी केवळ परिशिष्टांवर लोंबकळतात, हें त्यावरून कळेल.