घरातला कारवानी

आमच्या जळोचीत सकाळी कारवानी जातीचा शिकारी कुत्रा घेऊन निघालं की हमखास प्रश्न येतो, "सशावर सोडता का?" नाही हो! घरी पाळलाय. रानससा काय, चिंकारा काय, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार हा गुन्हाच आहे. आणि आपल्याच तालुक्यात, सुप्याला, चिंकाऱ्यांसाठी मयूरेश्वर अभयारण्य आहे.

पण शिकार नाही म्हणून हे कुत्रं वाया गेलं, असं मुळीच नाही. कारवानी असो, लांब केसांचा पश्मी असो की त्यांचा क्रॉस, दहा-पंधरा मिनिटं जीव तोडून पळाला की दुपारभर मुटकुळं करून झोपतो. मात्र पळवायचं ते कुंपणाच्या आत. हा वासापेक्षा नजरेवर चालतो. लांब काही हललं की तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. रस्त्यावर आणि मेंढरांजवळ दोरी हवीच.

गळपट्टा रुंद घ्या. याची मान डोक्याएवढीच, साधा पट्टा मागे सरकला की सुटलाच. आमच्या कुत्रीच्या कोपरांवर फरशीने घट्टे पडले होते. चौपदरी गोधडी टाकली, तेव्हा कुठे कातडी मऊ झाली. अंगावर चरबी नाही, कारवानीचे केस आखूड, त्यामुळे थंडीत झूल लागते. बरगड्या थोड्या दिसणारच, उपाशी समजून तूप-भाकरी कोंबू नका.

ऑपरेशन असेल तर डॉक्टरांना जात आधीच सांगा. अशा सडपातळ कुत्र्यांना काही भुलीची औषधं जड जातात.

अनोळखी माणसाने एकदम डोक्यावर हात ठेवलेला याला खपत नाही. शेजारी शांत बसा, तो स्वतःहून हुंगायला येईल.