मायाजाल माळ्यावर जाणार का?

गेल्या दिवाळीत भाच्याने माझ्या डोक्यावर एक डबा चढवला आणि कोथरूडमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमधून मला थेट ऐंशीव्या मजल्यावर नेऊन उभं केलं. लिफ्टचं दार उघडलं. समोर हवेत पुढे गेलेली एक अरुंद लाकडी फळी आणि खाली, खूप खाली, मुंगीएवढ्या मोटारी. ‘‘मामा, चाल की! खाली फरशीच आहे,’’ भाचा ओरडत होता. फरशी आहे हे मलाही ठाऊक होतं. दहा मिनिटांपूर्वी त्याच फरशीवर बसून आम्ही चिवडा खाल्ला होता. तरी पाऊल उचलेना. तळहातांना घाम फुटला आणि अठ्ठावन्न वर्षांचा मी हॉलच्या मधोमध चक्क गुडघ्यांवर बसलो. बहिणीने काढलेला तो व्हिडिओ अजून घरच्या ग्रुपवर फिरतोय.

यंदा गणपतीला त्यांच्याकडे गेलो तेव्हा म्हटलं, ‘‘आण रे तुझा तो डबा, आज फळी पार करतोच.’’ भाचा डोकं खाजवत म्हणाला, ‘‘माळ्यावर टाकलाय मामा. चार्जरही शोधावा लागेल.’’

मराठी घरात एखाद्या यंत्राचं भवितव्य माळा ठरवतो. हौसेने आणलेला ज्यूसर, पोट कमी करणारा पट्टा, टीव्हीसोबत आलेले थ्रीडी चष्मे, सगळे यथावकाश तिथेच पोचतात. व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे आभासी वास्तव, त्यांच्याच पंगतीला बसणार का? गुडघे टेकायला लावणारी जादू खोटी नव्हती. मग ती वर्षभरात माळ्यावर कशी गेली?

वेड जुनं, डबा नवा

दोन डोळ्यांना किंचित वेगळी चित्रं दाखवली की मेंदू त्यातून खोली उभी करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३८ मध्ये दाखवून दिलं. आमच्या पिढीने लहानपणी डोळ्यांना लावलेला व्ह्यू-मास्टर याच तत्त्वावर चालायचा. पण त्यात चित्र स्थिर असे. मान वळवली तरी समोर तेच. मान वळवल्यावर दृश्यही बदललं पाहिजे, ही पुढची पायरी अमेरिकेत आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये गाठली. त्यांचं यंत्र छताला टांगलेलं होतं आणि दिसायच्या नुसत्या चमकत्या रेषा.

खेळाच्या बाजारात हे वेड नव्वदच्या दशकात उतरलं. इंग्लंडमधल्या ‘व्हर्च्युअ‍ॅलिटी’ कंपनीची अवजड यंत्रं १९९१ पासून आर्केडमध्ये दिसू लागली. १९९५ मध्ये निन्टेन्डोने ‘व्हर्च्युअल बॉय’ आणला. तो डोक्यावर चढवायचा नव्हता. टेबलावर ठेवून त्यात वाकून बघायचं. काळ्या पार्श्वभूमीवर फक्त लाल रंग. खेळणाऱ्यांची मान आखडायची, डोकं दुखायचं. आठ लाखही यंत्रं खपली नाहीत आणि वर्षभरात ते बाजारातून उठलं. ते बनवणारे गुनपेई योकोई काही नवखे नव्हते. जगभर गाजलेला ‘गेम बॉय’ही त्यांचाच.

मग पंधरा-वीस वर्षं हा विषय जवळजवळ थंड पडला. तो पुन्हा तापला याचं श्रेय बरंचसं मोबाइल फोनला जातं. फोनमुळे छोटे, स्पष्ट पडदे आणि हालचाल टिपणारे सेन्सर स्वस्त झाले. २०१२ मध्ये पामर लकी या १९ वर्षांच्या अमेरिकन पोराने ‘ऑक्युलस रिफ्ट’साठी किकस्टार्टरवर लोकवर्गणी मागितली. मागितले अडीच लाख डॉलर, जमले सुमारे २४ लाख. २०१४ मध्ये फेसबुकने त्याची कंपनी २०० कोटी डॉलरला घेतली. त्याच वर्षी गूगलने पुठ्ठ्याचा ‘कार्डबोर्ड’ आणला. त्यात आपलाच फोन सरकवायचा, एक रोलर कोस्टर बघायचा, शेजाऱ्याला दाखवायचा आणि विसरून जायचं. २०२१ मध्ये गूगलने तो विकणंही थांबवलं. पुठ्ठ्याचा असल्यामुळे तो माळ्यावरही न जाता थेट रद्दीत गेला.

डोळा म्हणतो पळतोय, कान म्हणतो बसलोय

वरंधा घाटात एसटीच्या मागच्या बाकावर बसून पुस्तक वाचणाऱ्याला गाडी लागते. डोळ्यांना पान स्थिर दिसतं आणि कानाच्या आतली तोल सांभाळणारी नळ्यांची यंत्रणा सांगते की आपण गदगदा हलतोय. दोन साक्षीदारांच्या जबान्या जुळल्या नाहीत की पोट ढवळतं. आभासी जगात हेच उलटं होतं: डोळ्यांना वाटतं आपण धावतोय आणि कान म्हणतो, छे, सोफ्यासमोर उभे आहोत.

याचा अर्धा भाग अभियंत्यांनी सोडवला. मान वळवणं आणि चित्र बदलणं यात साधारण २० मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, चित्र सेकंदाला ९० वेळा किंवा त्याच्या आसपास ताजं करायचं, हे आता जमतं. राहिलेला अर्धा भाग शरीराचा आहे आणि तो नवी चिप बसवून सुटत नाही. म्हणून अनेक गेममध्ये चालत जाण्याऐवजी बोट दाखवलं की नारदमुनींसारखं तिथे अवतरता येतं. मोटार किंवा विमानाच्या गेममध्ये त्रास कमी होतो तो समोरचा डॅशबोर्ड स्थिर दिसतो आणि खेळणाराही बसलेलाच असतो म्हणून.

दुसरी अडचण डोळ्यांच्या भिंगाची. खऱ्या जगात जवळची वस्तू बघताना दोन्ही डोळे आत वळतात आणि भिंगही त्या अंतराला जुळवून घेतं. हेडसेटमध्ये मात्र वस्तू नाकासमोर दिसो की डोंगरापलीकडे, चित्राचा फोकस एकाच ठरलेल्या अंतरावर असतो. डोळे एक करतात, भिंग दुसरं. तासाभराने जो शीण येतो त्याचं एक कारण हे.

आणि मग वजन. मेटाचा ‘क्वेस्ट ३’ भरतो ५१५ ग्रॅम. अर्धा किलो साखरेची पुडी चेहऱ्यावर बांधून मे महिन्यात, चष्म्यासकट, उड्या मारून बघा. भाच्याच्या हेडसेटच्या फोमला जो वास येत होता त्याबद्दल मी त्याच्या आईपाशी काही बोललो नाही.

दोन मीटर बाय दोन मीटर

उभं राहून, हातपाय हलवून खेळायचं तर निदान दोन मीटर लांब आणि दोन मीटर रुंद मोकळी जागा ठेवा, असं या यंत्राचे उत्पादक सांगतात. म्हणजे साडेसहा फूट चौरस. अमेरिकेतल्या उपनगरी घरात हे वाक्य कोणी दोनदा वाचत नसेल. आमच्याकडे त्यासाठी टीपॉय बेडरूममध्ये, दिवाण भिंतीला, कपडे वाळत घालायचा स्टँड गॅलरीत आणि आजोबांची आरामखुर्ची पॅसेजमध्ये न्यावी लागते. आजोबांची परवानगी वेगळी. वर पंखा फिरत असतो. पहिल्याच आठवड्यात भाच्याचा ठोसा शोकेसच्या काचेला लागला होता.

मोबाइलवरचा गेम बसथांब्यावर सुरू होतो आणि बस आली की बंद होतो. या खेळाला घर आवरावं लागतं. शिवाय एकजण आत आणि बाकीचे बाहेर त्याचे हातवारे बघत बसलेले. कॅरमला जागा लागते, पण चौघं खेळतात आणि पाचवा सल्ले देतो. भाच्याचं यंत्र बिघडलं नव्हतं, गेमही संपले नव्हते. रोज संध्याकाळी दिवाण सरकवायचा कंटाळा आला, एवढंच.

हत्ती पोसतंय कोण?

घराघरातल्या या कंटाळ्याची बेरीज कंपन्यांच्या ताळेबंदात दिसते. फेसबुकने २०२१ मध्ये नावच बदलून ‘मेटा’ केलं, कारण पुढचं जग म्हणजे मेटाव्हर्स हा त्यांचा हिशेब होता. आभासी वास्तवाचं काम बघणाऱ्या त्यांच्या विभागाला २०२४ या एका वर्षात सुमारे १,७७० कोटी डॉलरचा तोटा झाला. त्याची कमाई होती जेमतेम २१५ कोटींची. अ‍ॅपलने २०२४ च्या फेब्रुवारीत ‘व्हिजन प्रो’ आणला तो ३,४९९ डॉलरला, आणि त्याचा भर मुळात खेळांवर नव्हताच. सोनीचा पहिला हेडसेट २०२० उजाडेपर्यंत ५० लाखांवर खपला होता. दुसरा २०२३ मध्ये आला तो ५५० डॉलरला, प्लेस्टेशन ५ वेगळा. भारतात त्याची किंमत ५८ हजारांच्या आसपास होती. दोन वर्षांत सोनीला तो १५० डॉलरने स्वस्त करावा लागला.

गेम बनवणाऱ्यांचे हाल त्याहून जास्त. सोनीने लंडनचा स्टुडिओ २०२४ मध्ये बंद केला. मेटाने त्याच वर्षी ‘रेडी अ‍ॅट डॉन’ बंद केला आणि २०२६ च्या जानेवारीत आणखी तीन स्टुडिओंना टाळं लावलं. यातला पेच सोपा आहे. मोठा गेम बनवायला अनेक वर्षं आणि प्रचंड पैसा लागतो. हेडसेट असलेली घरं थोडी, त्यातले रोज वापरणारे त्याहून थोडे. ‘हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स’ हा व्हॉल्व्ह कंपनीचा २०२० चा गेम आजही या क्षेत्रातला मानदंड मानला जातो, तशा ताकदीचे गेम त्यानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आले.

टिकलं ते काय?

मग सगळंच आटोपलं का? तसंही नाही. या पडझडीत जे टिकलं ते बघण्यासारखं आहे.

‘बीट सेबर’ हा प्राग शहरातल्या छोट्या चमूने २०१८ मध्ये आणलेला गेम. दोन्ही हातांत प्रकाशाच्या तलवारी, गाण्याच्या ठेक्यावर समोरून येणारे ठोकळे, ते कापायचे. जागा सोडायची नाही, म्हणून मळमळ नाही. गाणं संपलं की डाव संपतो, म्हणून शीण कमी. आणि घाम मात्र निघतो. २०२१ च्या सुरुवातीपर्यंत त्याच्या ४० लाखांवर प्रती खपल्या होत्या.

‘गोरिला टॅग’ तर त्याहून साधा. चित्रं ओबडधोबड, खेळाडू बिनपायांचे गोरिला, हात जमिनीवर आपटून पुढे सरकायचं आणि खेळायचं काय, तर आपली शिवाशिवी! तो सुरुवातीला एकाच माणसाने बनवला, २०२१ मध्ये आला, फुकट खेळता येतो आणि त्याने १० कोटी डॉलरच्या वर कमाई केली आहे. त्यात मोठी माणसं कमी, पोरं जास्त. मैदान नसलेल्या मुलांनी आभासी मैदान शोधलं आणि तिथे शाळेतल्यासारखाच आरडाओरडा चालतो. फोटोसारखी चित्रं काढणाऱ्या महागड्या गेमना जे जमलं नाही ते या गोरिलांना जमलं, कारण तिथे गेल्यावर मित्र भेटतात.

आपल्याकडचं उदाहरण हैदराबादच्या ‘प्रोयुगा’ कंपनीचं. त्यांच्या ‘आयबी क्रिकेट’मध्ये हातात बॅटीसारखं उपकरण घेऊन खेळायचं. फलंदाजी या माध्यमाला मुद्दाम बेतल्यासारखी आहे: फलंदाज जागेवर, चेंडू त्याच्याकडे येणार. धाव काढायला मात्र पळता येत नाही. ते हॉलमध्ये परवडणारंही नाही.

चौथा टिकाऊ वर्ग म्हणजे बैठ्या सिम्युलेटरचे शौकीन, खुर्चीला स्टिअरिंग जोडून तासन्‌तास रेसिंग करणारे. आणि पाचवा, मॉलमधले गेम झोन. तिथे जागा दुकानदाराची, यंत्र त्याचं, फोम पुसायचं कामही त्याचं. आपण वीस मिनिटांचे पैसे द्यायचे आणि मित्रांसह किंचाळून घरी यायचं. जत्रेतला आकाशपाळणा आपण कधी घरी आणत नाही, म्हणून तो मोडीत निघाला असं कोणी म्हणत नाही.

निकाल

मला विचाराल तर आभासी खेळ मरणार नाहीत आणि मोबाइलची जागाही घेणार नाहीत. अपेक्षाच चुकीची होती. रोज, दिवसभर, सगळ्यांनी वापरायची वस्तू म्हणून त्यावर पैसा ओतला गेला; ती निघाली अधूनमधून, हौसेने, अंग मोडून खेळायची वस्तू. बॅडमिंटनच्या रॅकेटीकडून कोणी फोनइतक्या वापराची अपेक्षा करत नाही. खरी काळजी वेगळी आहे: हत्ती पोसणाऱ्या एक-दोन कंपन्यांनी हात आखडता घेतला तर छोट्या स्टुडिओंना मधली काही वर्षं उपाशी काढावी लागतील. पण ‘गोरिला टॅग’ला सुरुवातीला लागला एकच माणूस. अशी दहा माणसं जगात कुठेतरी बसलेली असतील तर हा खेळ चालू राहील.

यंदाच्या दिवाळीत घरातली मुलं हेडसेटचा हट्ट धरणार असतील तर आधी त्यांना गेम झोनमध्ये घेऊन जा. मुलाचं वय बघा. मेटाची स्वतःची अटही किमान दहा वर्षांची आहे. मळमळतंय का, चष्म्यावर बसतंय का, वीस मिनिटांनी पुन्हा खेळावंसं वाटतंय का, ते बघा. मग घरी येऊन हॉलमध्ये टेप लावा. टीपॉय न उचलता दोन बाय दोन मीटर जागा निघाली तर जरूर घ्या. नाही निघाली तर माळ्यावर आधीच पुष्कळ सामान आहे.