प्रॉम्प्टवरून थेट कमरेच्या पट्ट्यापर्यंत

ब्राउझरमधली सुरक्षित वेबसाइट ४४३ क्रमांकाच्या पोर्टवरून बोलते, हे संगणकवाल्यांना पाठ असतं. त्याच्या लगतचं दार, म्हणजे ४४४, कुणाचं? पेजरचं, कमरेला लावून निरोप दाखवणाऱ्या त्या छोट्या डबीचं! इंटरनेटच्या अधिकृत यादीत ते आजही 'सिंपल नेटवर्क पेजिंग प्रोटोकॉल' म्हणजे एसएनपीपीच्या नावावर आहे. अमेरिकेतल्या सदर्न मेथडिस्ट युनिव्हर्सिटीतल्या ॲलन ग्विन यांनी त्याचा मसुदा जानेवारी १९९४ मध्ये आरएफसी १५६८ म्हणून मांडला. जुलैमध्ये दुसरी आवृत्ती आली आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये तिसरी, आरएफसी १८६१.

या प्रोटोकॉलची गोडी अशी की तो वापरायला कसलंही खास सॉफ्टवेअर लागत नाही. काळ्या पडद्यावर टेलनेट चालवायचं आणि ४४४ वर जोडून घ्यायचं. पलीकडून '२२०' येतं, म्हणजे बोला. तुम्ही 'पेज' लिहून पुढे पेजरचा क्रमांक द्यायचा. '२५०', म्हणजे ठीक. मग 'मेस' आणि त्यापुढे निरोप. पुन्हा '२५०'. मग 'सेंड', आणि शेवटी 'क्विट'. संपलं. चार आज्ञा, प्रत्येक चार अक्षरांची. 'मेस' हे 'मेसेज'चं पहिल्या चार रोमन अक्षरांवर आणलेलं रूप; ईमेलच्या एसएमटीपीमध्येही चार अक्षरांच्या आज्ञांची हीच पद्धत आहे. निरोप एका ओळीत मावत नसेल तर 'डेटा' म्हणायचं, हव्या तेवढ्या ओळी लिहायच्या आणि शेवटी एका ओळीवर नुसतं टिंब द्यायचं. हेही ईमेलसारखंच. माणसाला हाताने टाइप करता येतं ते चार ओळींच्या स्क्रिप्टलाही करता येतं, आणि इथेच खरी गंमत सुरू झाली: यंत्रं माणसांना हाक मारू लागली.

स्वल्पविरामाची किंमत दोन सेकंद

एसएनपीपीच्या आधीचा जुगाड तर त्याहून झकास होता. आकडे दाखवणाऱ्या पेजरला निरोप द्यायचा तर फोन लावायचा, पलीकडून बीप ऐकू आली की फोनच्या बटणांवर आकडे दाबायचे, शेवटी हॅश, आणि फोन ठेवायचा. मग हे काम मोडेमने का करू नये? हेज मोडेमला 'एटीडीटी' ही आज्ञा दिली की तो टोन वाजवत नंबर फिरवतो. नंबरमध्ये स्वल्पविराम घातला की तो थांबतो, आणि एका स्वल्पविरामाला साधारणपणे दोन सेकंद. म्हणून लोक पेजरचा नंबर लिहून पुढे चार-पाच स्वल्पविराम टाकायचे, म्हणजे तेवढ्यात बीप होऊन जाई. मग संकेताचे आकडे, मग हॅश, आणि अगदी शेवटी अर्धविराम, म्हणजे मोडेम पलीकडच्या मोडेमची वाट न पाहता पुन्हा आज्ञा ऐकायला मोकळा. ही सगळी अक्षरमाळा 'एको' करून सिरियल पोर्टवर सोडली की काम फत्ते. विरामचिन्हांनी वेळ मोजणारी ही एक ओळ मला अजूनही फार आवडते. हिच्यात एकही शब्द नाही आणि तरी ती एखाद्याला झोपेतून उठवू शकते.

अडचण एकच: मोडेम आंधळा होता. बीप उशिरा झाली, लाइन व्यस्त लागली, कुणी तरी मध्येच फोन उचलला, तर आकडे हवेत विरून जायचे आणि स्क्रिप्टला त्याचा पत्ताही नसायचा.

'आयडी=' आणि मग?

शब्द पाठवायचे झाले की टॅप लागायचा, म्हणजे टेलोकेटर अल्फान्यूमेरिक प्रोटोकॉल. जुनी मंडळी त्याला आयएक्सओ किंवा पीईटी म्हणत. इथे मोडेम पेजिंग कंपनीच्या मोडेमला फोन लावतो. वेग बहुधा ३०० किंवा १२०० बॉड, सात बिट, सम पॅरिटी. एंटर मारत राहायचं, तिकडून 'आयडी=' असा प्रश्न येईपर्यंत. उत्तरादाखल एस्केपचं चिन्ह आणि 'पीजी१'. हे उत्तर यंत्राचं. अनेक केंद्रांवर त्या जागी नुसतं 'एम' टाइप केलं तर तिकडचा संगणक ओळखायचा की समोर माणूस बसलाय, आणि मग तो सावकाश, वाक्यावाक्याने पेजरचा क्रमांक नि निरोप विचारायचा. यंत्राशी एक भाषा, माणसाशी दुसरी, आणि दार एकच!

ओळख पटली की निरोप जायचा आणि त्यामागोमाग तीन चिन्हांची बेरीज. निरोपातल्या सगळ्या अक्षरांच्या संख्या मिळवायच्या, शेवटचे बारा बिट घ्यायचे, त्यांचे चार-चारचे तीन तुकडे करायचे आणि प्रत्येकात ४८ मिळवायचे. आता ४८ म्हणजे ॲस्कीतलं शून्य, त्यामुळे नऊपर्यंत सगळं सरळ. दहा आला की मात्र अपूर्णविराम येतो, अकराला अर्धविराम, आणि पंधराला प्रश्नचिन्ह! टॅपच्या लॉगमध्ये ओळीच्या शेवटी भलतीसलती विरामचिन्हं दिसली तर ती चूक नसे, तो हिशेब असे. तिकडे हीच बेरीज पुन्हा करून पाहत. जुळली तर होकार, नाही जुळली तर 'पुन्हा पाठवा'. निरोप पोचताना मोडू नये म्हणून १९८०च्या दशकात घेतलेली ही काळजी पाहिली की तो प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांविषयी मनापासून आदर वाटतो.

घरच्या नि कचेरीतल्या युनिक्सवर हे दोन्ही प्रोटोकॉल जोडून देणारे प्रोग्राम होते. 'क्यूपेज' त्यातला लाडका. ऑफिसातल्या बाकीच्या यंत्रांनी एसएनपीपीने निरोप एका यंत्राकडे सोपवायचा आणि मोडेम असलेल्या त्या यंत्राने टॅपने बाहेर फोन लावायचा. एका फोनमध्ये अनेक निरोप देता येत, त्यामुळे बिलही वाचे. सॅम लेफलर यांनी लिहिलेल्या हायलाफॅक्स या फॅक्सच्या प्रणालीतही 'सेंडपेज' नावाची आज्ञा होती, कारण मोडेम तर तिथे आधीपासूनच बसलेला.

इंटरनेट हाताशी असताना लोक मोडेम का जपून ठेवत? कारण साधं आहे. 'नेटवर्क बंद पडलंय' हा निरोप त्याच नेटवर्कवरून कसा पाठवणार? टेलिफोनची वेगळी तार ही शहाणपणाची गुंतवणूक होती, आणि आजही मोठ्या डेटा सेंटरमध्ये धोक्याची घंटा वेगळ्या वाटेनेच वाजली पाहिजे, असा आग्रह धरणारा माणूस मला ताबडतोब पटतो.

झोपाळू पेजर

एक पेन्सिल सेल आणि आठवडे न् आठवडे चालणारा पेजर. हे जमायचं कसं? उत्तर पॉकसॅग या रेडिओ संकेतात आहे. पॉकसॅग हे ब्रिटिश पोस्ट ऑफिसने नेमलेल्या सल्लागार गटाच्या नावाचं लघुरूप. प्रसारण सुरू होतं ते ५७६ बिटांच्या आलटूनपालटून एक-शून्याने. ५१२ बिट प्रतिसेकंद वेगाने याला सव्वा सेकंदापेक्षा थोडा कमी वेळ लागतो. तेवढ्यात आसपासचे पेजर डोळे चोळून उठतात. पुढचं प्रसारण आठ-आठ चौकटींच्या गटांत विभागलेलं असतं आणि प्रत्येक पेजरची चौकट ठरलेली. कुठली, हे त्याच्या पत्त्यातले शेवटचे तीन बिट सांगतात. म्हणून ते तीन बिट हवेतून पाठवावेच लागत नाहीत! २१ बिटांचा पत्ता, म्हणजे २० लाख ९७ हजार १५२ पेजर, आणि पाठवायचे फक्त १८ बिट. बाकीच्या सात चौकटी पेजर खुशाल झोपून काढतो. विरारच्या लोकलमध्ये डुलकी लागलेला प्रवासी नेमका आपल्या स्टेशनाला जागा होतो, तसा तो स्वतःच्या चौकटीला उठतो.

प्रत्येक ३२ बिटांच्या शब्दात प्रत्यक्ष मजकुराचे फक्त २०. उरलेल्यांतले ११ निव्वळ चुका पकडायला आणि दुरुस्त करायला. आकडे असतील तर २० बिटांत पाच मावतात. अक्षरं सात-सात बिटांची, त्यामुळे एखादं अक्षर अर्धं या शब्दात आणि अर्धं पुढच्या शब्दात अडकतं. सात बिटांत एकूण १२८ चिन्हं, आणि त्यात देवनागरीला जागा नाही. भारतात पेजर सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, तेव्हा साध्या अक्षरी पेजरवर मराठी निरोप यायचा तो रोमन लिपीचा अंगरखा घालून. आपल्याकडे बहुतेकांच्या बाबतीत कमांड लाइनचं काम ऑपरेटर करायचे: तुम्ही फोनवर सांगायचं, त्यांनी टाइप करायचं. आईची तब्येत, मीटिंगची वेळ, प्रेमाची कबुली, सगळं एका अनोळखी कानातून जायचं. १९९८ च्या सुमारास देशात सुमारे २० लाख पेजर होते. २००२ पर्यंत पाच लाखांच्याही खाली आले. मोबाइलने त्यांना वाढायलाच वेळ दिला नाही.

२५० म्हणजे काय, आणि काय नाही

१९ मे १९९८. गॅलेक्सी-४ या उपग्रहाचा नियंत्रण प्रोसेसर बंद पडला. पर्यायी प्रोसेसर तर आधीच निकामी झालेला. उपग्रहाचं तोंड पृथ्वीकडून वळलं आणि अमेरिकेतले सुमारे ८० टक्के पेजर मुके झाले. डॉक्टर, अग्निशमन दल, सिस्टीम ॲडमिन, सगळेच. पेजिंग कंपन्या आपल्या मनोऱ्यांना निरोप उपग्रहाद्वारे पोचवत होत्या, आणि बहुतेकांनी एकाच उपग्रहावर भिस्त ठेवली होती.

या घटनेत एसएनपीपीचा एक बारकावा उघडा पडतो. 'सेंड'नंतर येणारं '२५०' एवढंच सांगतं की केंद्राने निरोप स्वीकारला. तो हवेत गेला का, पेजरपर्यंत पोचला का, माणसाने वाचला का, यातलं काहीच त्यात नाही. एकतर्फी पेजर उत्तर देऊच शकत नव्हता. त्याच्यात प्रक्षेपकच नसायचा. माणूस कुठे आहे हेही त्यामुळे कुणाला कळत नसे, पण तो गुण आणि हा दोष एकाच गोष्टीतून आलेले.

म्हणूनच तिसरी आवृत्ती मला सगळ्यात मोलाची वाटते. १९९५ मध्ये स्कायटेल या पेजिंग कंपनीने दुतर्फा पेजर आणले आणि त्याच वर्षी एसएनपीपीत '२वे' ही आज्ञा आली. 'पिंग'ने विचारता येई, पेजर सध्या जाळ्याच्या टप्प्यात आहे का. निरोप वाचला गेल्याची पोच मागता येई. आणि निरोपाबरोबर तयार उत्तरांचे पर्यायही पाठवता येत: 'निघालोय', 'दुसऱ्याला सांगा', 'सर्व्हर पुन्हा सुरू करा'. पलीकडच्याने बटण दाबलं की उत्तर थेट स्क्रिप्टच्या हातात. आज फोनवर सूचनेखालीच उत्तराची बटणं दिसतात, तेच काम इथे तीन दशकांपूर्वी साध्या अक्षरांत झालं होतं. त्याच वाटेवर १९९६ मध्ये रिसर्च इन मोशनने 'इंटरॅक्टिव्ह पेजर ९००' काढला; चिमुकल्या कळफलकाचा हा पेजर ब्लॅकबेरीचा थेट पूर्वज.

आकड्यांची बोली

आकडी पेजरवर तरुण पोरांनी भाषाच घडवली. १४३ आपल्याकडेही पोचला: 'आय लव्ह यू' या तीन इंग्रजी शब्दांची अक्षरं मोजली की झालं. कोरियात ८२८२ म्हणजे 'लवकर लवकर', कारण त्या आकड्यांचा उच्चार 'पल्ली पल्ली'च्या जवळ जातो. जपानमध्ये सकाळी ०८४० आला की समजायचं, कुणी तरी 'ओहायो' म्हणतंय. जपानमधली शेवटची पेजर सेवा सप्टेंबर २०१९ अखेर बंद झाली. ॲडमिन मंडळींची बोली रुक्ष: पहिले आकडे यंत्राचे, पुढचे बिघाडाचे, आणि शेवटी ९११ असेल तर चप्पल घालून पळायचं.

जे उघड्यावर बोललं गेलं

पॉकसॅगमध्ये कुलूप नाही. योग्य रेडिओ आणि डिकोडर असेल त्याला सगळं वाचता येतं. नोव्हेंबर २००९ मध्ये विकिलीक्सने ११ सप्टेंबर २००१ च्या, म्हणजे न्यूयॉर्कवरच्या हल्ल्याच्या, दिवसाचे पाच लाखांहून अधिक पेजर निरोप प्रसिद्ध केले. त्यात घरच्यांची 'फोन कर' अशी काकुळती आहे आणि तिच्या शेजारी यंत्रांनी आपोआप पाठवलेल्या तक्रारीही: अमुक सर्व्हर उत्तर देत नाही, तमुक लाइन तुटली. त्या स्क्रिप्टना शहरात काय घडतंय ते कळण्याचा प्रश्नच नव्हता. त्या सांगितलेलं काम करत राहिल्या. दुसऱ्याचे निरोप असे पकडणं अनेक देशांत गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे.

आजही चालू

पेजर गेला तरी त्याची खूण जागोजागी उरली. नागिऑस या देखरेखीच्या प्रणालीत संपर्काच्या नोंदीत ईमेलच्या जोडीला 'पेजर' नावाचा रकाना आहे. २००९ मध्ये सुरू झालेल्या एका कंपनीने आपलं नावच 'पेजरड्यूटी' ठेवलं, आणि तिचं काम ॲपवर नि फोनवर इशारे देणं! रात्रपाळीच्या अभियंत्याला इंग्रजीत अजूनही 'पेज' केलं जातं. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेत २०१९ मध्ये सुमारे १ लाख ३० हजार पेजर वापरात होते; मंत्र्यांना ते बंद करण्याचा आदेश काढावा लागला.

खरोखरीचा पेजर कमांड लाइनवरून वाजवायचा असेल तर हॅम रेडिओवाल्यांकडे जा. जर्मनीत आखेनच्या तंत्रविद्यापीठात उभं राहिलेलं डॅपनेट हे जाळं ४३९.९८७५ मेगाहर्ट्झवर १२०० बिटांचा पॉकसॅगच वापरतं. प्रसारकाचं सॉफ्टवेअर रास्पबेरी पायवर चालतं. 'कर्ल'च्या एका आज्ञेत निरोप, ज्याला पाठवायचा त्याचं कॉलसाइन आणि प्रसारकांचा गट एवढं जेसनमध्ये भरलं की काही क्षणांत पलीकडचा पेजर किणकिणतो. अटी दोन: हॅमचा परवाना हवा, आणि निरोप ८० अक्षरांत बसला पाहिजे.