जवानाचा पोशाख : संरक्षण आणि श्रम

पोशाख जवानाचे थंडीपासून व माऱ्यापासून रक्षण करतो. परंतु तोच त्याची शक्तीही खर्ची घालतो. हा खर्च मोजल्याशिवाय पोशाखाची योग्यता ठरत नाही.

१९४१ साली गॅगी, बर्टन व बॅझेट या शास्त्रज्ञांनी कपड्यांच्या उष्णतारोधासाठी ‘क्लो’ हे परिमाण सुचविले. सुमारे २१ अंश सेल्सिअस तापमानात स्वस्थ बसलेल्या माणसास सुखकर वाटेल इतका रोध म्हणजे १ क्लो. पुढे अमेरिकी सैन्यासाठी तांब्याच्या, आतून तापविलेल्या मानवाकृतीवर गणवेश चढवून हा रोध मोजण्यात येऊ लागला.

परंतु स्थिर पुतळ्यावरून चालण्याचे श्रम कळत नाहीत. त्यासाठी माणसांवरच चाचणी घ्यावी लागते. टायटलबॉम व गोल्डमन यांच्या १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, अनेक थरांचा हिमप्रदेशीय पोशाख घालून चालताना, तेवढेच वजन कमरपट्ट्यात वाहण्यापेक्षा सुमारे १६ टक्के अधिक शक्ती खर्च झाली. अर्थात, अडचण केवळ वजनाची नव्हती; थरांचे परस्पर घर्षण आणि हालचालींना होणारा अवरोध ही त्याची संभाव्य कारणे मानली गेली.

जाड पोशाखामुळे मंदावलेला जवान वेळेत आडोशाला पोहोचला नाही, तर त्या संरक्षणाचा उपयोग काय? म्हणूनच ऊब, वजन व हालचाल यांची कसोटी एकत्रितपणेच घ्यावी लागते.