सेंटोसा आणि गोल्फची नवी मांडणी

सिंगापूरच्या सेंटोसा बेटावरचं सेरापाँग हे गोल्फ मैदान पूर्वी सिंगापूर ओपनसाठी ओळखलं जाई. भारताच्या जीव मिल्खा सिंगने 2008 मध्ये ही स्पर्धा इथेच जिंकली. एप्रिल 2023 मध्ये इथे आलेली लिव्ह गोल्फची स्पर्धा मात्र वेगळ्या धाटणीची होती. सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीने उभी केलेली ही लीग. नेहमीच्या स्पर्धेत चार फेऱ्या असतात आणि दोन फेऱ्यांनंतर मागे पडलेले निम्म्याहून अधिक खेळाडू रिकाम्या हाताने घरी जातात. इथे तेव्हा फेऱ्या तीनच होत्या, कुणी बाद होत नाही, सगळे एकाच वेळी वेगवेगळ्या होलपासून सुरुवात करतात आणि चौघांचे संघही असतात. बक्षिसं तेव्हा अडीच कोटी डॉलरची होती. (2026 पासून लिव्हनेही चार फेऱ्या स्वीकारल्या.) पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी याच लीगमध्ये क्रशर्स संघाकडून खेळत आला.

आशियाच्या दृष्टीने खरा बदल 2021 चा. तेव्हा लिव्हने आशियातील व्यावसायिक गोल्फच्या एशियन टूरमध्ये पैसा ओतला आणि त्यातून ‘इंटरनॅशनल सिरीज’ ही स्पर्धामालिका आली. तिच्या वार्षिक क्रमवारीत अव्वल येणाऱ्याला लिव्हमध्ये जागा मिळू लागली. 2022 नंतर थांबलेली सिंगापूर ओपनही 2025 मध्ये याच मालिकेतून परतली. आशियाई खेळाडूंना ही वाट मिळाली, हे मोलाचं आहे. पण एवढा डोलारा एकाच देशाच्या तिजोरीवर उभा राहणं मला धोक्याचं वाटतं.