फवाऱ्याच्या पेट्रोलांत घालावयाचें तेल

पाठीवर घ्यावयाचा पेट्रोलचा फवारा, गवत कापण्याचें यंत्र आणि फांद्या उतरविण्याची साखळीची करवत हीं यंत्रें आतां आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं आलीं आहेत. नांगर, मोट व खुरपें यांची निगा कशी राखावी हें आपणांस वडीलधाऱ्यांनीं शिकविलें. या लहान इंजिनांच्या बाबतींत मात्र शिकविणारा कोणी नसतो. दुकानदार यंत्र विकतेवेळीं घाईघाईनें एखादें वाक्य सांगतो, पुस्तिका परभाषेंत असते आणि ती बहुधा खोक्याबरोबर माळ्यावर जाते. परिणाम असा होतो कीं, ऐन तुरीच्या फुलोऱ्यांत, शेंगा पोखरणारी अळी दिसूं लागल्यावर, यंत्र बंद पडतें. कारागीर तें उघडतो, पिस्टनवरील उभे ओरखडे दाखवितो आणि नवा पिस्टन व सिलिंडर घालण्याचा खर्च सांगतो. त्या खर्चापेक्षां वायां गेलेले आठ दिवस अधिक महाग पडतात, कारण अळी कोणासाठीं थांबत नाहीं. अशीं बंद पडलेलीं जीं यंत्रें आमच्या पाहण्यांत आलीं, त्यांतील बहुतेकांचें मूळ कारण एकच होतें: पेट्रोलांत मिसळावयाचें तेल तरी चुकीचें होतें, नाहीं तर त्याचें माप तरी चुकलेलें होतें.

हें तेल कशासाठीं लागतें हें प्रथम समजून घेतलें पाहिजे. ट्रॅक्टरच्या किंवा विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या पोटांत तेलाचा स्वतंत्र सांठा असतो आणि तेंच तेल पुनःपुन्हां फिरून सर्व भागांस वंगण पुरवितें. टू-स्ट्रोक इंजिनांत तशी सोय नाहीं. इंग्लंडांतील बाथ येथील जोसेफ डे यानें १८९१ च्या सुमारास जी रचना पुढें आणली, तीच थोड्याफार फरकानें आजहि चालू आहे. पिस्टन वर गेला कीं खालच्या पेटींत हवा व पेट्रोल ओढलें जातें. पिस्टन खालीं आला कीं तेंच मिश्रण बाजूच्या वाटेनें वर चढतें व तेथें जळतें. खालची पेटी ही अशी जाण्यायेण्याची वाट झाल्यामुळें तींत तेल भरून ठेवतां येत नाहीं. म्हणून पेट्रोलांतच तेल विरघळवून पाठवितात. पेट्रोलाची वाफ पुढें जाते आणि तेलाचा पातळ थर बेअरिंगवर, पिस्टनवर व सिलिंडरच्या भिंतीवर राहतो. शेवटीं तेंहि जळून धुराबरोबर बाहेर पडतें, परत येत नाहीं. मिनिटास सहा-सात हजार फेरे घेणाऱ्या यंत्रास बिनतेलाचें पेट्रोल मिळालें तर कांहीं मिनिटांतच त्याचा पिस्टन चिकटतो.

जुन्या वाचकांस १९७२ सालीं बाजारांत आलेली ल्युना किंवा त्या काळची राजदूत आठवत असेल. पंपावर पेट्रोलाबरोबर टूटीचें माप मागून घ्यावें लागे आणि गाडीमागें निळसर धुराची रेघ उमटे. त्या गाड्या रस्त्यावरून जवळजवळ गेल्या आणि त्यांच्याबरोबर ती समजहि गेली. आतांचीं पोरें मोटारसायकलच्या टाकींत नुसतें पेट्रोल घालण्यास सरावलेलीं आहेत. त्यांच्या हातीं फवारा दिला कीं तींहि संवय तेथें लागूं होते. यावर एक पोटभेद आहे. हल्लीं कांहीं फवारे व गवत कापण्याचीं यंत्रें फोर-स्ट्रोक इंजिनाचींहि येतात. इंजिनाच्या बुडाशीं तेल घालण्याचें निराळें झांकण असेल तर तें यंत्र फोर-स्ट्रोक समजावें आणि त्याच्या पेट्रोलांत तेल मिसळूं नये. असें झांकण नसेल व टाकीच्या टोपणावर पेट्रोल आणि तेल या दोहोंची खूण असेल, तर मिसळल्याशिवाय दोरी ओढूं नये.

आतां तेलाची निवड. डब्यावर नुसतें ‘टूटी’ छापलेलें असणें पुरेसें नाहीं. जपानांतील जासो या संस्थेनें या तेलाच्या कसोट्या ठरविल्या आहेत. तेल वंगण किती देतें, आंतील भाग किती स्वच्छ ठेवतें, धूर किती करतें आणि धूर जाण्याची वाट किती बुजवितें, हें पाहून एफ्‌बी, एफ्‌सी व एफ्‌डी असे दर्जे दिले जातात. एफ्‌सी हें कमी धुराचें असतें. एफ्‌डी हें त्याहूनहि अधिक स्वच्छता राखणारें असतें. आंतरराष्ट्रीय मानकांत यांनाच अनुक्रमें ईजीबी, ईजीसी व ईजीडी म्हणतात. हवेनें थंड होणाऱ्या, उन्हांत तास न् तास पूर्ण वेगानें चालणाऱ्या फवाऱ्यास एफ्‌सीच्या खालचें तेल घालूं नये असें आमचें स्पष्ट मत आहे, आणि एफ्‌डी मिळत असेल तर किंमतींतील थोड्या फरकासाठीं तें सोडूं नये. ५० ला १ या प्रमाणांत एक लिटर तेल पन्नास लिटर पेट्रोलास पुरतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे तेलांतली काटकसर किती क्षुल्लक आहे हें कळेल.

कोंकणपट्टींतील बंधूंसाठीं एक गोष्ट मुद्दाम सांगतों. मच्छीमार होड्यांच्या मागें लावावयाच्या इंजिनांसाठीं टीसी-डब्ल्यू ३ या खुणेचें तेल मिळतें. तें पाण्यानें थंड होणाऱ्या इंजिनासाठीं बनविलेलें असून आपल्या जागीं उत्तम आहे. पण नारळी-पोफळीच्या बागेंत गवत कापणारें यंत्र हवेनें थंड होतें आणि त्याची उष्णता फार अधिक असते. शेजारच्या होडीवाल्याकडून उसनें आणलेलें तेल म्हणून त्यांत घालूं नये.

त्याहून घातक म्हणजे ट्रॅक्टरचें तेल. एका बागाईतदाराच्या गड्यानें ट्रॅक्टरमधून काढलेलें काळें तेल ‘तेल तें तेल’ म्हणून फवाऱ्याच्या पेट्रोलांत ओतलें. दोन दिवस यंत्र चाललें आणि तिसऱ्या दिवशीं जाम झालें. काळ्या तेलांत काजळी व धातूचा बारीक कीस असतो, हें तर उघडच आहे. परंतु नवें कोरें ट्रॅक्टरचें तेलहि चालत नाहीं, कारण त्यांतील धातुमिश्रित औषधें इंजिनांत जळलीं कीं त्यांची राख होते आणि ती प्लगच्या टोंकावर व पिस्टनच्या माथ्यावर बसते. टूटी तेल राख न ठेवतां जळावें अशाच बेतानें केलेलें असतें. एरंडेलाविषयींहि आम्हांस विचारणा झाली आहे. ही कल्पना अगदींच वेडगळ नव्हे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांतील फिरत्या इंजिनांचीं विमानें एरंडेलावरच चालत, आणि कॅस्ट्रॉल हें नांवहि एरंडाच्या इंग्रजी नांवावरूनच निघालेलें आहे. पण घाण्यावरचें एरंडेल आजच्या पेट्रोलांत नीट विरघळत नाहीं आणि जळल्यावर चिकट डिंकासारखा थर मागें ठेवतें. तें आपलें बैलगाडीच्या आंसालाच बरें.

मापाचा विषय निवडीहूनहि महत्त्वाचा आहे. आमचें आयुष्य कचेरींत आंकडे मांडण्यांत गेलें असल्यामुळें नजरअंदाजाविषयीं आमचें मत फारसें चांगलें नाहीं. आणि येथें तर सगळा कारभार ‘एक टोपण’ आणि ‘थोडें जास्तच घाल’ असा चालतो. प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेंत पाहावें, तेंच खरें. ५० ला १ असेल तर एका लिटर पेट्रोलास २० मि.लि. तेल, ४० ला १ असेल तर २५ मि.लि., आणि २५ ला १ असेल तर ४० मि.लि. कांहीं कंपन्या आपलें स्वतःचें तेल वापरल्यास ५० ला १ आणि इतर तेल वापरल्यास २५ ला १ असें निरनिराळें प्रमाण सांगतात. तेव्हां पान शेवटपर्यंत वाचावें. नव्या यंत्रास पहिल्या कांहीं टाक्यांपुरतें तेल अधिक सांगितलें असल्यास तेंहि पाळावें. मोजण्यास औषधाच्या दुकानांत मिळणारी वीस मि.लि.ची प्लॅस्टिकची पिचकारी, सुई काढून, उत्तम पडते. कीटकनाशक मोजण्याचें माप मात्र यासाठीं कधींहि वापरूं नये आणि ही पिचकारी तिकडे नेऊं नये.

तेल जास्त झालें तर काय बिघडलें, असें पुष्कळजण विचारतात. कार्बोरेटरच्या बारीक भोकांतून मिश्रण ठराविकच येतें. त्यांत तेलाचा भाग वाढला म्हणजे पेट्रोलाचा भाग तितका घटतो. हवेच्या मानानें पेट्रोल कमी पडल्यानें इंजिन उलट अधिक तापतें. शिवाय प्लग तेलकट काळा होतो, पिस्टनच्या कड्या चिकटतात आणि सायलेन्सरचें तोंड कोळशानें बुजतें. प्लग काढून पाहिल्यास पुष्कळसें कळतें. टोंक भाजलेल्या कॉफीच्या रंगाचें असलें तर सर्व ठीक. तें काळें व ओलें असल्यास तेल जास्त किंवा हवेची जाळी घाणेरडी; पांढरट व कोरडें असल्यास यंत्र जास्त तापत आहे, तेव्हां तें ताबडतोब थांबवावें.

मिसळण्याची रीत अशी. धातूचा किंवा पेट्रोलासाठींच केलेला डबा घ्यावा. पाण्याची बाटली घेऊं नये, कारण तहानलेला माणूस बाटली ओळखतो, आंतील पदार्थ ओळखत नाहीं. प्रथम निम्मे पेट्रोल, मग मोजलेलें सर्व तेल, झांकण लावून चांगलें हलवावें, मग उरलेलें पेट्रोल घालून पुन्हां हलवावें. यंत्राच्या टाकींत थेट तेल ओतूं नये. तें बुडाशीं बसतें आणि नळीवाटे आधीं तेलच तेल व पुढें नुसतें पेट्रोल जातें. डब्यावर रंगानें तारीख व प्रमाण लिहावें. निरनिराळ्या प्रमाणांचीं दोन यंत्रें घरीं असतील तर दोन डबे ठेवावे. भरतेवेळीं यंत्र बंद करून निवूं द्यावें आणि कडब्याच्या गंजीपासून व विडीपासून दूर बसावें.

अलीकडे यांत एक नवी अडचण शिरली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल पंपांवर येऊं लागलें आणि आतां तेंच सर्वत्र मिळतें. हें इथेनॉल आपल्याच उसाचें व मक्याचें असल्यामुळें त्याविरुद्ध बोलण्याची आपली तयारी नसते, आणि आम्हीहि बोलत नाहीं. परंतु तें हवेंतील ओल ओढून घेतें. पावसाळ्यांत अर्धवट भरलेला डबा सैल झांकणानें पडून राहिला, किंवा टाकींत पाणी गेलें, तर इथेनॉल पाण्याशीं मिळून बुडाशीं उतरतें. तेल मात्र वरच्या पेट्रोलांतच राहतें. यंत्राची शोषण-नळी बुडाशीं असते. म्हणजे इंजिनास पहिल्यानें मिळतें तें तेल नसलेलें पाणी व मद्यार्क. माप बिनचूक असूनहि पिस्टन गेला, अशा तक्रारींचें एक कारण हें आहे. पुष्कळ जुन्या यंत्रांच्या पुस्तिका १० टक्क्यांपर्यंतच्याच इथेनॉलास संमति देतात, आणि त्यांतील रबरी नळ्या व पडदे त्याहून अधिकानें फुगतात. म्हणून दर हंगामापूर्वीं नळी दाबून पाहावी, मऊ किंवा चिरलेली असल्यास बदलावी. पेट्रोल एका-दोन दिवसांच्या कामापुरतेंच मिसळावें. कांचेच्या भांड्यांत थोडें ओतून उजेडांत धरावें. बुडाशीं निराळा थर किंवा गढूळपणा दिसला तर तें यंत्रांत घालूं नये. महिन्याहून जुनें मिश्रणहि घालूं नये.

हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि यंत्र सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालूं द्यावें, म्हणजे कार्बोरेटरांत कांहीं उरत नाहीं. निवल्यावर प्लग काढून भोकांतून टूटी तेलाचे पांच-सहा थेंब सोडावे, दोरी हळूं हळूं दोन-तीनदां ओढावी, प्लग परत बसवावा आणि यंत्र जमिनीच्या ओलीपासून दूर, खुंटीला टांगून ठेवावें.