आजी, अज्जी आणि इंग्रजी शब्दांचे तुकडे

आमचा नातू तिसरीत आहे, इंग्रजी माध्यमाच्या शाळेत. मला तो 'आजी' म्हणतो आणि धारवाडला राहणाऱ्या आईच्या आईला 'अज्जी'. घरात माझे आणि मुलाचे मराठी, सुनेचे कन्नड, आणि नातवाचे ज्याच्याशी बोलेल त्याचे. सीमाभागातल्या कित्येक घरांत असते तशीच ही तऱ्हा. कुणाला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

गेल्या वर्षी पालकसभेहून सून परत आली ती गप्पच. चहा झाल्यावर म्हणाली, "आई, बाईंनी सांगितलं, याचं वाचन मागं आहे. घरात दोन-दोन भाषा, म्हणून गोंधळ होतोय म्हणे. आजपासून घरात इंग्रजीच बोला म्हणाल्या."

सून कन्नड माध्यमात शिकलेली. इंग्रजी तिला कामापुरते येते. पण मुलाच्या भल्याचे म्हणून दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याशी इंग्रजीत बोलू लागली. कम, ईट, स्टडी, स्लीप. चार शब्दांत आई संपली. रात्री अंथरुणावर कन्नडमधून गोष्ट सांगायची ती बंद झाली, कारण गोष्ट पुरेल एवढे इंग्रजी तिच्याजवळ नव्हते. पोरगाही हळूहळू गप्प बसायला लागला.

मी तीस वर्षे मराठी शाळेत पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवले आहे. मला हे काही पटेना. म्हणून नातू नेमका कुठे अडतो ते पाहायचे ठरवले.

पाठांतर आणि वाचन

'एलिफंट'चे स्पेलिंग त्याने एका दमात म्हणून दाखवले. ई-एल-ई-पी-एच-ए-एन-टी. शाबासकी द्यावी असेच. पण त्याच संध्याकाळी बाजारात एका कापडदुकानावर 'फॅन्टॅस्टिक सेल' अशी इंग्रजी पाटी होती, तिथे गडी अडला. "एफ, ए, एन, टी, ए..." अशी नऊच्या नऊ अक्षरे सुटी सुटी वाचली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पाठ केलेला शब्द त्याला येत होता. न पाठ केलेला शब्द कुठून धरायचा, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

यात भाषा जास्त झाल्याचा दोष नाही. मुलाला आपल्या दोन्ही लिप्यांत जे आयते मिळते, ते इंग्रजीत आयते मिळत नाही, एवढीच गोष्ट आहे. मराठीत 'का' लिहिले की व्यंजन आणि स्वर एकत्र बांधून हातात येतात. कन्नडमध्येही तसेच. आपण बाराखडी म्हणतो, कन्नड शाळेत कागुणित म्हणतात. उच्चाराचा एक घास म्हणजे साधारण एक अक्षर. इंग्रजीत मात्र घास आपल्यालाच कालवावा लागतो. एफ, ए आणि एन ही तीन अक्षरे मिळून 'फॅन' हा एक घास होतो. या घासाला इंग्रजीत सिलॅबल म्हणतात. आपण साधेपणाने 'तुकडा' म्हणू.

गंमत म्हणजे, इंग्रज मुलांनाही पूर्वी बाराखडीसारखेच घोकावे लागे. मूठ असलेल्या लाकडी फळीवर कागद चिकटवून त्यावर शिंगाचा पातळ, पारदर्शक पापुद्रा बसवलेला असे. त्याला हॉर्नबुक म्हणत. त्यावर मुळाक्षरांखाली ॲब, एब, इब आणि बा, बे, बी अशा ओळी असत. पुढे अमेरिकेत नोआ वेब्स्टरने १७८३ साली स्पेलिंगचे जे पुस्तक काढले, त्यात शब्द तुकडे पाडूनच दिले. त्याचे म्हणणे असे, की तुकडे उच्चाराला धरून पाडावेत, म्हणजे मूल आपोआप बरोबर वाचते. 'हॅबिट' हा शब्द 'हॅब-इट' असा तोडला तर मूल पहिला स्वर ऱ्हस्व म्हणते. 'हा-बिट' असा तोडला तर चुकते.

गावांच्या नावांवर टाळ्या

पुस्तक उघडण्याआधी आम्ही कानापासून सुरुवात केली. एका तुकड्याला एक टाळी. कन्नडमध्ये टाळीला चप्पाळे म्हणतात, म्हणून नातवाने या खेळाचे नावच 'चप्पाळे' ठेवले.

आधी आपल्या गावांची नावे घेतली. बेळगाव म्हणा : बेळ-गाव, दोन टाळ्या. आता कन्नड पाटीवरचे नाव सावकाश वाचा : बे-ळ-गा-वि, चार टाळ्या. खानापूरला मराठीत तीन, खा-ना-पूर. कन्नडमध्ये खा-ना-पु-र, चार. धारवाडला मराठीत दोन, आणि अज्जी सावकाश म्हणते तेव्हा धा-र-वा-ड, चार. नावाचे वाद मोठ्यांनी घालावेत. पोराला मात्र त्यातून एक फार मोलाची गोष्ट कळली. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण गिळतो, कन्नडमध्ये तो स्पष्ट म्हणतात. तेव्हा लिहिलेली अक्षरे मोजून टाळ्या कळत नाहीत, कानाने ऐकाव्या लागतात. एकच भाषा येणाऱ्या मुलाला हे समजावून सांगावे लागते. दोन भाषांच्या घरातल्या मुलाला ते आधीच ठाऊक असते.

मग घरातले इंग्रजी शब्द घेतले. बस, एक. टेबल, दोन. हॉस्पिटल, तीन. टेलिव्हिजन, चार. इथे नातवाने आईला पकडले. ती 'बस्सु' म्हणते, म्हणजे दोन टाळ्या! कन्नडमध्ये शब्द स्वरावर संपवायची सवय, म्हणून बसचा बस्सु आणि कारचे कारु होते. मी हसले, तर सून म्हणाली, "आई, तुम्ही स्टोव्हला इष्टो म्हणता, ते?" तिथेही एकीच्या दोन झाल्या. फिल्मचा 'फिलम' झाला की तसेच. अशा वेळी मुलाला रागवू नये. टाळ्या मोजायला सांगाव्यात, चूक त्याची त्यालाच सापडते.

उघडा तुकडा, बंद तुकडा

आता वाचनाकडे वळू. पहिला नियम सोपा आहे. प्रत्येक तुकड्यात एक स्वर ऐकू आलाच पाहिजे, आणि एकच. ए, ई, आय, ओ, यू ही पाच स्वरांची अक्षरे, आणि कधी कधी वाय. शब्दात आधी ही अक्षरे शोधून त्यांच्याखाली पेन्सिलने टिंब द्यायचे. 'फॅन्टॅस्टिक'मध्ये तीन टिंबे येतात, म्हणजे तुकडे तीन.

दुसरा नियम : दोन स्वरांच्या मध्ये दोन व्यंजने आली, तर बहुधा त्यांच्या मधोमध तोडायचे. फॅन-टॅस-टिक. नॅप-किन. बास-केट. रॅब-बिट. मात्र एसएच, सीएच, टीएच, पीएच अशा जोड्या एकच ध्वनी दाखवतात, त्या तोडायच्या नाहीत.

तिसरी गोष्ट समजावताना मला आजी आणि अज्जी उपयोगी पडल्या. 'आ-जी' म्हणताना पहिला तुकडा स्वरावर संपतो, तोंड उघडे राहते, आवाज लांबतो. 'अज्-जी' म्हणताना पहिल्या तुकड्याचे दार 'ज्' लावून घेतो आणि स्वर आखूड होतो. इंग्रजीतही साधारण असेच चालते. तुकडा स्वरावर संपला तर तो उघडा, आणि स्वर बहुधा आपले नाव सांगतो : टाय-गर, पे-पर. तुकडा व्यंजनावर संपला तर तो बंद, आणि स्वर आखूड : रॅब-बिट, डिन-नर. डिनरमधला एक 'एन' काढला की शब्द 'डायनर' होतो. 'हॉपिंग'मधला एक 'पी' काढला की 'होपिंग'. इंग्रजीत व्यंजन दोनदा का लिहितात, असे मुले नेहमी विचारतात. पुष्कळदा ते आधीच्या स्वराचे दार लावण्यासाठी असते. नातवाला हे एका क्षणात पटले, कारण त्याच्या दोन आज्यांत नेमका हाच फरक होता.

चौथा नियम गप्प बसणाऱ्या 'ई'चा. 'किट'च्या शेवटी ई लावली की 'काइट', 'कॅप'च्या शेवटी लावली की 'केप'. ही ई स्वतः बोलत नाही, आधीच्या स्वराला त्याचे नाव सांगायला लावते. डोळ्यांना स्वर दोन दिसतात, पण टाळी एकच.

आणि शब्दाच्या शेवटी व्यंजन, मग एल, मग ई असे तिघे आले, तर तो बहुधा एक तुकडा असतो : टे-बल, ॲप-पल, बॉट-टल. टेबलचा पहिला तुकडा उघडा म्हणून 'टे', ॲपलचा बंद म्हणून 'ॲ'.

हे नियम म्हणजे रुळावरची गाडी नव्हे, ते अधूनमधून मोडतात. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असले, तर तुकडा उघडा की बंद हे आधी सांगता येत नाही. 'टायगर' उघडा, पण 'कॅबिन' आणि 'लेमन' बंद. अशा वेळी मुलाला सांगावे, एकदा उघडा म्हणून बघ, एकदा बंद म्हणून बघ, आणि ओळखीचा शब्द कुठला निघतो तो घे. म्हणूनच शब्द आधी कानावर पडलेला असणे फार गरजेचे. 'हॅव', 'सेड', 'वॉज' असे हट्टी शब्द मात्र रोज पाहून ओळखीचे करून घ्यावेत.

दोन्ही भाषांची शिदोरी

घरातल्या भाषा वाचनाच्या आड येतात, असे ज्यांना वाटते त्यांनी हे करून पाहावे. इंग्रजीतले 'लेट' म्हणजे परवानगी देणे, आणि 'लेट' म्हणजे उशीर. मराठीत दोन्ही एकसारखेच लिहावे लागतात, कारण आपल्याकडे 'ए' एकच. कन्नडमध्ये ऱ्हस्व 'ए' वेगळा आणि दीर्घ 'ए' वेगळा. तलावाच्या 'केरे'मधला पहिला ए आखूड, गल्लीच्या 'केरी'मधला लांब. हा फरक सुनेच्या जिभेवर जन्मापासून आहे. 'पेन' लिहिण्याचे आणि 'पेन' दुखण्याचे, हा फरक नातवाला तिने शिकवला. मला तो इतकी वर्षे नीट जमला नव्हता.

उलट 'कॅट'मधला 'ॲ' मराठीत सहज लिहिता येतो. कन्नडमध्ये तो 'क्या' असा लिहावा लागतो, म्हणून सून 'क्याट' म्हणायची. तिथे माझा उपयोग झाला.

मोजण्याची सवयही आपल्याकडे जुनी आहे. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. ज्या घरात टाळ घेऊन अभंग म्हणतात, त्या घरातल्या मुलाला टाळ्या मोजायला वेगळे काय शिकवायचे?

एका गोष्टीत मात्र दोन्ही भाषा कमी पडतात. आपण सगळे तुकडे जवळपास सारख्या वजनाने म्हणतो. इंग्रजीत एका तुकड्यावर जोर देतात आणि बाकीचे पुसट करतात. 'बनाना'मध्ये मधल्या 'ना'वर जोर, बाजूचे दोन्ही 'ए' जेमतेम ऐकू येतात. यासाठी जोराच्या तुकड्याला मोठी टाळी आणि बाकीच्यांना चुटकी, एवढे केले तरी पुरते.

रोज दहा मिनिटे

पालकहो, यासाठी शिकवणी लावायला नको. पहिला आठवडा नुसत्या टाळ्या, पुस्तक नको. मग तीन अक्षरांचे बंद तुकडे : कॅट, पिन, सन. ते पक्के झाले की दोन बंद तुकड्यांचे शब्द. नंतर उघडे तुकडे, मग गप्प ई. शब्द कागदाच्या पट्टीवर लिहून कात्रीने तुकडे करावेत आणि मुलाला जुळवायला द्यावेत. बिस्किटाचा पुडा, औषधाची बाटली, बसवरची पाटी, काहीही चालते. शब्द वाचून झाला की त्याचा अर्थ मराठीत किंवा कन्नडमध्ये जरूर विचारावा, कारण अर्थ कळल्याशिवाय ते वाचन नव्हे. नियमांची नावे पाठ करून घेऊ नयेत. दहा मिनिटे झाली की थांबावे.

एक सावधगिरी. कित्येक महिने नीट सराव करूनही मूल मराठी-कन्नडमध्येसुद्धा अडखळत असेल, तर त्याला आळशी ठरवू नये. कान आणि डोळे तपासावेत, आणि वाचन-अक्षमतेच्या जाणकारांना दाखवावे.

आमच्याकडे तीन-चार महिने लागले. मधे दोनदा कंटाळून पट्ट्या फेकूनही झाल्या. नातू अजून वर्गात पहिला येत नाही, पण नवा शब्द दिसला की माझ्या तोंडाकडे बघत नाही, पेन्सिल शोधतो. आणि रात्रीची गोष्ट पुन्हा कन्नडमध्ये सुरू झाली आहे.

गेल्या आठवड्यात घरी बँकेचे एक इंग्रजी पत्र आले. एरवी सून ते न उघडता माझ्या मुलासाठी ठेवते. या वेळी तिने ते ओट्यावर पसरले, एका लांबलचक शब्दाखाली पेन्सिलने पाच टिंबे दिली आणि ओठांतल्या ओठांत तुकडे जुळवत शेवटपर्यंत वाचले. मी काही बोलले नाही. कुकरची शिट्टी झाली तेव्हा गॅस मीच बंद केला.